आधी साहेबांची टोपी

कोणी जखमी दवाखान्यात आला, की आमचे डॉक्टरसाहेब आधी स्वतःची गोंड्याची लाल रूमी टोपी काढून टेबलावर ठेवायचे. मग त्याला म्हणायचे, "मेरी उतरली. आता तुमची काढा, भाऊ."

तुम्ही तिथे असतात तर हसू आवरलं नसतं. साहेब हैदराबादचे, मोठे रुबाबदार. पण टोपी निघाली की खाली गुळगुळीत टक्कल. हात मोडलेला माणूससुद्धा कण्हता कण्हता त्या टकलाकडे बघत मुकाट्याने पागोटं सोडायचा. मी तिथे मलमपट्टीच्या कामाला होतो, मलाही गंमत वाटायची. पण टोपी काढण्याची ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती.

एकदा लिंबागणेश गावाकडून एकाला खाटेवर घालून आणलं. भरल्या गाडीवरून पडला होता आणि चाक पायावरून गेलं होतं. नडगीचं हाड बाहेर आलेलं, त्यामुळे कोणाची नजर दुसरीकडे जाईना. साहेबांनी पाय बसवला, मी फळ्या बांधल्या. तेवढ्या कळांतही त्याने कलंडलेलं पागोटं हाताने सारखं केलं.

"और कुठं लागलं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब. पायच हाय."

"डोकं लई जड झालंय म्हनतो," त्याचा थोरला भाऊ म्हणाला. "उन्हातनं आनलंय न्हवं."

साहेबांनी मान डोलावली. जखमीचा डोळा लागला, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं.

दुपारी तो उठेना. कपाळाला पाणी लावावं म्हणून भावाने पागोटं सोडलं. वरचे वेढे कोरडे होते, आतले रक्ताने चिकटलेले. कानामागे डोकं मऊ लागत होतं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

"डोक्याचं दाखवलं कावून न्हाई?" मी भावाला विचारलं.

"सरकारी साहेबापुढं बोडकं कसं व्हावं, बाबा? आन् आमाला वाटलं, साहेब बघत्यात म्हंजी समदंच बघत्यात."

साहेब ऐकत उभे होते. टोपी डोक्यावरच होती. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मी फळ्या सोडून धुतल्या आणि उन्हात वाळत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी झाडावरून पडलेला एक जण आला, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा टोपी काढली. पुढे पुढे तर आसपासच्या गावांची माणसं दारातच पागोटं सोडून आत येऊ लागली. साहेब कोणाला शाबासकी द्यायचे नाहीत. नुसते बोटांनी केस बाजूला करत डोकं चाचपत राहायचे.

मग त्यांची बदली झाली. कुठे झाली ते मी विचारलं नाही.

नवे साहेब आल्यावर तोच थोरला भाऊ विळ्याने कापलेला हात धरून आला. पागोटं काखेत, डोकं उघडं. नव्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"बोडक्यानं आलास? घरात कोणी वारलं काय?"

"धाकला भाऊ वारला, साहेब," तो म्हणाला. "लई दिस झाले."

आणि तो टेबलाकडे बघत उभा राहिला. टेबलावर टोपी नव्हती.