तात्यांची म्हैस आणि गिधाडं

गावाबाहेरच्या माळावर, जिथे आम्ही मेलेली गुरं टाकतो, तिथे आज सकाळी पांडूतात्यांची म्हैस आणली. तात्या डोळे पुसत होते. तरीही मी त्यांना तेच विचारलं, जे आमच्या गावात अशा वेळी हल्ली सगळेच विचारतात, "तात्या, सुजेवरचं ते जुनं इंजेक्शन दिलं नव्हतं ना?"

"नाही रे बाबा. दिलं असतं तर खड्डा खणून पुरली नसती का?"

आमच्याकडची गिधाडं कुणी बंदुकीनं मारली नव्हती. दुखणाईत जनावराला आराम पडावा म्हणून आम्ही मायेनं सुई टोचून घेत होतो. जनावर दगावलं की ते औषध त्याच्या मांसात उरायचं आणि ते मांस खाऊन गिधाडं मरायची. आम्ही मात्र म्हणायचो, बरं झालं, अवलक्षणी पाखरं गेली! मग माळावर नुसता कुजका वास राहिला आणि भटकी कुत्री माजली. मायेनंसुद्धा कुणाचा निर्वंश होतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

वर बघून बघून मान अवघडली. आधी एक ठिपका दिसला, मग तीन, मग मी मोजायचं सोडून दिलं. बोडक्या मानेची ती बेंगरूळ पाखरं पंख पसरून, ठेचकाळत माळावर उतरली आणि मला इतकं हायसं वाटलं की मी मटकन खालीच बसलो. आहेत, अजून आहेत!

तात्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि माझ्या खांद्याला हात लावला.

"ऊठ, लांब जाऊ. आपण इथे थांबलो तर पोटभर जेवायची नाहीत ती."