वेड्या राघूंची दरड

निवृत्त पटवाऱ्यानं मला फसवलं. पैशात नाही, जागेत. आणि जागा म्हणजे प्लॉट नव्हे, सकाळी फिरायला जायची जागा.

मी पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी. पेट्या उचलण्यापासून सुरुवात केली, आता बगीचे घेतो. झाडावरचा माल बघून सौदा करायचा तर बगीचा पायी फिरावा लागतो. चालणं मला धंद्यानंच शिकवलं. एका बगीच्यातून दुसऱ्यात जाताना जाम नदीच्या काठानं ज्या वाटा सापडल्या, त्या मी कोणाला सांगितल्या नव्हत्या. पटवारी साहेब नोकरीतून मोकळे झाले आणि रोज सकाळी सावरगावच्या पुलावर भेटू लागले. त्यांच्या डोक्यात सगळ्या हलक्याचे, म्हणजे त्यांच्या दप्तरातल्या सगळ्या गावांचे, नकाशे होते. कोणती पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट, कुठून निघते आणि कुठं नदीला लागते, हे ते डोळे मिटून सांगत.

एक दिवस पुलावर मीच म्हटलं, "साहेब, तीन जागा माह्या, तीन तुमच्या. मी दाखवतो, तुमी दाखवा."

"सेठ, तुमाले फिरण्यातही सौदाच सुचते का?"

"फुकटची वस्तू माणूस जपत नाही, साहेब."

ते हसले. खिशातलं संत्रं सोलून अर्ध्या फोडी मी त्यांच्या हातावर ठेवल्या. माझा सौदा असाच पक्का होतो.

मी हात राखून माल दिला नाही. बगीच्यांच्या मागची वाट दाखवली. फुलोऱ्याच्या दिवसांत तिथं वास इतका दाट असतो की माणूस आपोआप हळू चालतो. नदीतला सपाट खडक दाखवला. थंडीत त्याच्यावरून बोटभर पाणी वाहतं, आवाजही होत नाही. आणि पळसाची टेकडी. तिथून पांढुर्णा आणि सावरगाव वेगळे ओळखू येत नाहीत, मधली नदी दोघांच्या अंगणातून गेल्यासारखी दिसते.

त्यांनी पहिल्यांदा एक जुनी पायऱ्यांची विहीर दाखवली. मला आवडली. मग एक पांदण, दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत मिसळलेली, आत नऊ वाजेपर्यंत ऊन शिरत नाही. तीही आवडली. तिसऱ्या दिवशी मला देवळामागच्या वडाखाली नेऊन उभं केलं.

"साहेब, हा वड तर अख्ख्या गावाले ठाऊक आहे."

"मग? सावली कमी पडून राहिली का?"

"जुना माल नवा म्हणून देऊन राहिले तुमी मले."

"माह्याजवळचा साठा संपला, सेठ. आता मारता का मले?"

मी सोडून दिलं. मी सहसा सोडत नाही, पण माणूस चालायला बरा होता. मी तावातावानं बोलायचो, ते मध्येच थांबून एखादं घरटं दाखवायचे आणि माझा राग कुठं चालला होता तेच मी विसरायचो. फक्त शनिवारी ते येत नसत. म्हणायचे, जामसांवलीला दर्शनाला जातो. मारुतीचं नाव पुढे केल्यावर कोण काय बोलणार?

दोन वर्षं असंच चाललं. मग गेल्या वैशाखात ते एका सकाळी सरळ माझ्या घरी आले. बायकोनं चहा ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही.

"सेठ, चला. एक जागा दाखवायची राहिली होती."

माझ्या गाडीवरून पांदणीच्या तोंडापर्यंत गेलो, पुढं पायी. नदी जिथं वळण घेते तिथं मातीची उभी दरड होती, दोन पुरुष उंच. डावीकडच्या भागाला भुंग्यांनी लाकूड पोखरावं तशी बिळंच बिळं. वेड्या राघूंची वस्ती. उजवीकडे काहीच नव्हतं. तिथली माती पोकलेननं ओरबाडून नेली होती, लोखंडी दातांचे उभे ओरखडे अजून ओले होते. हिरवे राघू चोचीत चतुर धरून येत, बीळ होतं त्या जागेपर्यंत जात, हवेत थरथरत थांबत आणि परत फिरत. खाली भुसभुशीत मातीत काय होतं ते मी बघितलं नाही.

"म्हणजे शनिवारचा मारुती हा होता," मी म्हणालो.

त्यांनी पायानं एक ढेकूळ बाजूला सारलं.

"तिसरी जागा ही होती. मले वड दाखवला."

"सेठ, तुमच्या तोंडात काही राहत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मी वड दाखवायच्या आधीच खडकाचं तुमी मंडीत सांगतलं होतं. पुढच्या थंडीत तिथं पत्रावळी अन् गिलास पडून राहिले होते. दिसले नाही का तुमाले?"

दिसले होते. ही गोष्ट खरी आहे आणि मी ती लपवत नाही. चांगली वस्तू जवळ असली की मला चार लोकांत बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी मात्र मी आवाज चढवला, इतका की उरलेले राघूही उडाले. साहेबांनी फक्त हातानं खाली बसा अशी खूण केली. आम्ही दोघं वाळूत बसलो. बऱ्याच वेळानं राघू परत आले.

माती कोणी नेली ते ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांवरूनच कळत होतं. त्या अंगाला वीटभट्टी एकच, आणि भट्टीवाला माझ्या घरी जेवणारा माणूस. साहेबांना घेऊन तिथूनच त्याच्याकडे गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण त्यानं भांडूच दिलं नाही.

"आता बाप्पा, सेठ! पाखरं आहेत हे मले काय माहीत? एका शब्दानं सांगतलं असतं तर दुसरीकडून उचलली असती. मले काय, माती पाहिजे."

उरलेल्या अर्ध्या दरडीला हात लावणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. बोलणं चहा थंड व्हायच्या आत संपलं. साहेब शेजारी बसून ते ऐकत होते.

यंदा उरलेल्या भागात बिळं आहेत. जुनी किती, नवी किती, ते मला सांगता येत नाही, कारण जुनी मी कधी पाहिलीच नाहीत. आम्ही अजून सोबत फिरतो, शनिवारीसुद्धा. ते घरटी दाखवतात, पावसाचं बोलतात, माझ्या गुडघ्याचं विचारतात. दरडीच्या समोर बसलो की मात्र गप्प होतात, आणि ती जागा मोठ्यानं बोलायची नाही म्हणून मीही गप्प बसतो.

पण इथं लिहिताना कोणतीही पाखरं उडणार नाहीत, म्हणून विचारतो. साहेब, मी तोंडाळ आहे, मान्य. पण भट्टी तुम्हाला दिसत होती, ट्रॅक्टर कुठून फिरतात ते तुम्हाला माहीत होतं, आणि तहसिलीत कोणत्या खिडकीवर अर्ज द्यायचा हे तुमच्याइतकं कोणाला कळत होतं? माझ्यावर भरोसा नव्हता तर तिथं जायचं होतं. तिथं गेला नाहीत, मलाही सांगितलं नाही, दोन वर्षं एकटे बसून बघत राहिलात. का? मला उत्तर पाहिजे. येत्या शनिवारी, दरडीसमोर, हळू आवाजात द्या, पण द्या.