शेठच्या मुलाला दिलेल्या रिकाम्या मात्रा

नागपूरच्या एसटीत बसलो तेव्हा अब्बा खिडकीखाली उभे होते, बँडचा लाल कोट घालून. त्या दिवशी मारेगावात कुठेच लग्न नव्हतं. कोट का घातला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. गाडी हलली तसे म्हणाले, "बेटा, बजाते रहना."

तुम्ही जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पांगलात, तुम्हा सगळ्यांना ती वर्षं आठवत असतील. कापूस बुडायचा आणि लग्नं वाजंत्रीवाचून उरकायची. एका हंगामात अब्बांच्या बँडला एकच वरात मिळाली, जिनिंगवाल्या शेठच्या मुलीची. मी क्लॅरिनेटवर होतो. चौकात पोहोचलो आणि शेठनं यवतमाळहून आणलेला डीजे सुरू झाला. शेठ अब्बांना म्हणाले, "तुम्ही आता बंद ऱ्हा. पन जाऊ नका, वरात भरल्यासारखी दिसते." आम्ही वाद्यं हातात धरून उभे राहिलो. कुणीतरी ओरडलं, "काबे, पुतळे आणले काय भाड्यानं?" शेठचा मुलगा सगळ्यात मोठ्यानं हसला.

कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. तिथं व्हायोलिन शिकलो आणि विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्रात शेवटच्या रांगेत जागा मिळाली. पुढे, मुख्य वादकाच्या खुर्चीवर, तोच मुलगा होता. त्यानं मला ओळखलंही नाही.

कॉलेजच्या संमेलनासाठी ऑर्केस्ट्राच्या सरांनी इटलीतली तीनशे वर्षांपूर्वीची रचना निवडली. ती आमच्यासारख्या शिकाऊ मुलांना झेपेल अशी नव्यानं लिहायचं किचकट काम कुणालाच नको होतं. मी घेतलं. नवशिक्यांना बोट न दाबता वाजणाऱ्या मोकळ्या तारा वापरता याव्यात म्हणून पट्टी बदलली. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं जुनं वाद्य, आमच्याकडे नव्हतं; त्याची साथ व्हायोला आणि चेलो या खालच्या सुरांच्या वाद्यांत वाटली. एकट्या व्हायोलिनची मूळ धून तुकडे करून मागच्या रांगांना दिली. सर खूश झाले, सगळ्यांना संधी मिळाली म्हणाले. मुख्य वादकासाठी सुरुवातीचे काही सूर ठेवले. पुढे शेवटपर्यंत रिकाम्या मात्रा.

तो कागद घेऊन आला. "अबे, मी काय नुसता बसून राहू काय? माहे बाबूजी येऊन राह्यले ऐकाले!"

"बसून ऱ्हा," मी म्हणालो. "पन जाऊ नको. स्टेज भरल्यासारखं दिसते."

तेव्हा त्यानं मला ओळखलं.

शेठ पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून बसले होते. मुलगा व्हायोलिन मांडीवर घेऊन बसून राहिला. हळूहळू मोबाइल खाली आला. मी त्यांच्याकडे बघत वाजवत होतो. माझा एक सूर चुकला, पण त्याचं काही वाटलं नाही.

अब्बांना फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते एवढंच म्हणाले, "एक लाइन तो देनी थी उसको. बजानेवाला लड़का है."

यंदाही लिहायचं काम माझ्याकडेच आहे. अब्बा दर फोनला आधी जेवणाचं विचारतात, मग त्या मुलाला धून दिली का ते. मी नाही म्हणतो. ते फोन ठेवत नाहीत, मीही ठेवत नाही. गाव सुटल्यापासून घर म्हणून माझ्याकडे एवढंच उरलंय. आणि मला अजून ती धून त्याला द्यावीशी वाटत नाही.