सीट उरली तर

राळेगावच्या स्टँडवर बाबा मला एसटीत बसवून द्यायला आले होते. बेंगळुरूला एका विमान कंपनीत, गेटवरच्या कामाला निघाले होते मी. बाबांनी कंडक्टरपासून शेंगावालीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, "पोरगी इमानात लागली. तिले आता तिकीट लागत नाही. मनात आलं का आली घरी!" मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

तेव्हा कंपनीची मोजकीच विमानं होती, दुपारची तर अर्धी रिकामी उडायची. आम्हाला फुकट पास होता. अट एकच, सीट उरली तर बसायचं. आणि उरायचीच. पोळ्याला आले, हुरड्याला आले, आईच्या हातचं भरीत खावंसं वाटलं म्हणूनही आले.

मग तिकिटं स्वस्त झाली, विमानं वाढली. पायात साधी चप्पल, पिशवीत पुरी-भाजीचा डबा, अशी माणसं पहिल्यांदाच विमानात चढू लागली. आपलीच माणसं वाटायची, ऊर भरून यायचा. फ्लाइट फुल झाली की आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवल्या.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर दादाचा फोन आला. "बाबा सारखे तुलेच विचारून राह्यले. लवकर ये."

त्या दिवशी तिकीट मिळत होतं. मी काढलं नाही. हातात पास असताना तिकीट काढणाऱ्याला आमच्यात हसतात. बॅग घेऊन माझ्याच गेटवर उभी राहिले. सीट उरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्याकडे न बघता मैत्रिणीने गेट बंद केलं. तोवर पुढची तिकिटंही संपली होती, आणि रेल्वेने पोचायला आणखी एक दिवस गेला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. मी पुन्हा गेटवर. दादाने दुपार टळेपर्यंत वाट पाहिली, मग फोन केला. "सारे थांबून राह्यले तुह्यासाठी. काय करू, सांग."

काचेपलीकडे भरलेलं विमान निघालं होतं. मी म्हणाले, "घेऊन जा, दादा."

तुम्ही गावातले म्हणता, दोन तासांचं तर विमान, येत जा. येतेही. आता तिकीट काढून येते. पण घर म्हटलं की मला एवढंच दिसतं: सगळे माझ्यासाठी अंगणात थांबलेत, आणि मीच त्यांना निघा म्हणते आहे.