भीमिलीची हवा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, तारनाक्याच्या बागेत रोज सकाळी भेटणाऱ्या मित्रांना तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं होतं ती माझी बायको, सुमन — तिच्यासमोर मी आठ वर्षं तोंड शिवून बसलो आहे.

सुमन वेंगुर्ल्याची. लग्न होऊन हैदराबादला आली, आमच्या देशस्थी घरात माझ्या आईच्या धाकाने मासे सोडले, आणि चाळीस वर्षं एकच गोष्ट मागितली — म्हातारपणी समुद्राजवळ राहायचं. मी हो म्हणत आलो. हो म्हणायला काय जातं? माझी वकिली संपायला बराच अवकाश होता.

शेवटी ती वेळ आली. तिच्या माहेरच्या घराच्या वाटण्या होऊन गेल्या होत्या, म्हणून आम्ही विशाखापट्टणमजवळ भीमिलीला घर बघायला गेलो. बाजार, फिरायला रस्ता, दवाखाना — आपलं रोजचं जगणं इथे बसतं का, हे आठवडाभर राहून बघायचं ठरलं होतं. तिचं तर पहिल्याच दिवशी बसलं. कोळणींशी हातवारे करून भाव करत होती, कल्ले उचलून मासे पारखत होती, हसत होती. आणि मी? मी पिशवी धरून मागे उभा. हैदराबादला कोठीच्या बाजारात चार पावलं टाकली की कोणीतरी 'आदाब, वकीलसाब' म्हणतंच. इथे मला कुत्रं विचारत नव्हतं. मला राग आला — तिच्या हसण्याचा. हे लिहितानाही लाज वाटते, पण तो रागच होता.

तिला थोडा दमा आहे. म्हणाली, इथल्या डॉक्टरांना एकदा विचारून घेऊ. ते वृद्ध डॉक्टर तेलुगूच बोलणारे. सुमन चाळीस वर्षांत बाजारापुरती हिंदी शिकली, पण तेलुगू तिने कायम माझ्यावर सोपवलेलं — मी ऐकायचं आणि तिला मराठीत सांगायचं. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. म्हणाले, दमा हलका आहे, इथली हवा यांना मानवेल, खुशाल या.

मी तिला सांगितलं, "इथली दमट हवा तुला सोसणार नाही म्हणतात."

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. "मग ते हसताहेत कशाला?"

"स्वभावच तसा आहे त्यांचा," मी म्हणालो. अगदी सहज — जीभसुद्धा अडखळली नाही. तिने डॉक्टरांना हात जोडले. बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, "तुमचाही हिरमोड झाला ना?" मी मान डोलावली.

एवढंच असतं तर — नाही, एवढंही पुरेसं होतं. पण तिने ते खरं मानलं. पावसाळाभर ती खिडक्या लावून बसते. येईल त्याला सांगते, माझ्या तब्येतीपायी यांनी समुद्र सोडला. मी शेजारी बसून चहा पीत ते ऐकतो.

गेल्या वर्षी वेंगुर्ल्याहून फोन आला. तिची थोरली बहीण, माईताय, अंथरुणाला खिळली होती आणि सुमनला बघायचं म्हणत होती. सुमनने बॅग काढली, चार साड्या भरल्या, आणि मग पलंगावर नुसती बसून राहिली. म्हणाली, "त्या हवेत मीच आजारी पडले तर तिच्या मुलांना आणखी एक ओझं." आणि माझ्याकडे पाहिलं — मी काय म्हणतो म्हणून. एक वाक्य पुरे होतं. तेव्हा तरी बोलायला नको होतं का? पण ते बोललो तर मागोमाग भीमिलीचंही सांगावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"तुला योग्य वाटेल ते कर," मी म्हणालो.

साड्या परत कपाटात ठेवायला मी तिला मदत केली. माईताय त्याच आठवड्यात गेली.