नानांचं जहाज लखनौच्या गच्चीवर थांबलं

लखनौला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत आधी बॅग भरली ती नानांनी. नाना म्हणजे माझे सासरे, मुक्काम अलिबाग. त्यांची लेक मंजिरी लखनौला एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. तिचा नवरा हवाई दलात, जवळच्याच बख्शी का तालाबच्या तळावर. गेल्या वर्षी ती गरोदर असताना डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या सासूबाई गेल्या. मंजिरीला येता आलं नाही. पुढे बाळ फार लवकर जन्मलं, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि आता कुठे घरी आलं होतं. आई गेल्यावर बापलेक फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत. नानांना नातीला एकदा मांडीवर घ्यायचं होतं, आणि मला वाटत होतं की त्या निमित्ताने या दोघांची कोंडी फुटेल.

फेब्रुवारी निवडला, कारण तेव्हा लखनौची थंडी सरत आलेली असते आणि उन्हाळा सुरू झालेला नसतो. मांडव्याहून मुंबईची सकाळची लाँच घेतली. ज्यांना गाडीने वडखळमार्गे कंबरडं मोडून घ्यायचं नाही त्यांनी लाँचनेच जावं, तिकीटही अगदी आवाक्यातलं आहे. नाना उघड्या डेकवर बसले, कारण हे सगळं पाणी त्यांच्या ओळखीचं. बंदराच्या आरोग्य खात्यात त्यांची उभी नोकरी झाली.

लांब उभ्या असलेल्या जहाजांकडे बोट दाखवून ते मला परत एकदा सगळं सांगायला लागले. इंग्रजांच्या वेळेपासूनचा रिवाज असा की बाहेरून आलेलं जहाज सरळ धक्क्याला लागत नाही. ते लांब थांबतं, पिवळं निशाण लावतं. मग डॉक्टरांची लाँच जाते आणि कप्तानाला प्रश्न विचारते. कुठून आलात, वाटेत कुठली बंदरं केलीत, कोणी आजारी आहे का, प्रवासात कोणी दगावलं का. उत्तरं पटली तर आत यायची मुभा, तिला ही मंडळी ‘प्रॅटिक’ म्हणत. नाहीतर बसा समुद्रात.

“आणि कप्तान खोटं बोलला तर?” मी विचारलं.

“तर गावंच्या गावं जायची. सगळा कारभार त्याच्या एका खऱ्या शब्दावर.” मग म्हणाले, “तसा इंग्रज काही संत नव्हता हो. आमच्या खात्यातले म्हातारे सांगायचे, वरच्या वर्गाचे साहेब लवकर सुटायचे आणि डेकवरची गरीब माणसं विलगीकरणाच्या छावणीत सडायची. नियम चांगला, लावणारे पक्षपाती.”

याच प्रश्नांचा घरी खेळ झाला होता. नाना गोदीतून आले की लहानगी मंजिरी दारात आडवी उभी राहायची आणि सगळे प्रश्न विचारल्याशिवाय बापाला आत घ्यायची नाही. शेवटच्या प्रश्नाला नाना दर वेळी म्हणायचे, “कोणी नाही, सगळे खुशाल.” सासूबाई आतून ओरडायच्या की चहा निवतोय. हे मी लग्न होऊन आल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की मला तो चहासुद्धा पाठ आहे.

लखनौची गाडी वेळेवर सुटली. एसी थ्री टियर पुरतो, जेवण मात्र घरून न्या. मी दशम्या, चटणी आणि तिळाचे लाडू नेले होते. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ भुसावळपासून खोकत होते. झाशी गेली आणि नाना खोकले.

“धूळ आहे,” मी म्हटलं.

“खोकला आहे,” नाना म्हणाले.

“नाना, तिथे जाऊन हे बोलायचं नाही हं. एवढ्या लांब कशाला आलोय आपण?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने लाडवाचा डबा बंद केला.

अलीगंजमधल्या घरासमोर रिक्षा थांबली तेव्हा मंजिरी फाटकातच उभी होती, वाळून गेलेली, पण हसत. नाना रस्त्यातच थांबले आणि तिथूनच म्हणाले, “मला खोकला झालाय. मी आत येणार नाही.”

“यार नाना, मास्क लावा ना! हॉलमध्ये बसा फक्त.”

“नाही.”

शेजारच्या आंटी मधे पडल्या. “अरे भाई साहब, अंदर तो आइए, इतनी दूर से आए हैं!” नानांनी हात जोडले आणि त्यांच्या हिंदीत सांगितलं, “बच्ची छोटी है, बहनजी. बाद में आएगा.”

शेवटी ते बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर गेले. तिथे बरसाती आहे, म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली. मंजिरीची वाळत घातलेली पिवळी ओढणी त्यांनी मागून घेतली आणि बरसातीच्या कडीला बांधली. डॉक्टर आले, साधी सर्दी म्हणाले, पण खोकला पूर्ण थांबेपर्यंत बाळाजवळ जाऊ नका हेही म्हणाले. नानांनी विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. आमचं परतीचं तिकीट आठवड्याने होतं आणि मी दिवस मोजायला लागले.

मंजिरीचं मात्र वेगळंच चाललं होतं. मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याशी उभी होती. “वहिनी, खोकला निमित्त आहे. नाना रागावलेत माझ्यावर. आईच्या वेळी मी आले नाही ना, म्हणून माझ्या घरात पाय ठेवायचा नाहीये त्यांना.”

“काहीतरीच काय!”

“मग एक शब्द का नाही बोलले आजपर्यंत?”

मी लाटणं खाली ठेवलं. वर जाऊन नानांना विचारलं तर ते म्हणाले, “तीही बोलत नाही.” दोघंही एका मुशीतली, आणि मी मधल्यामधे जिना चढून उतरून अर्धी झाले.

लखनौ पाहायचं राहू नये म्हणून एका सकाळी मी चौक नावाच्या जुन्या बाजारात गेले. मक्खन मलई थंडी संपेपर्यंतच मिळते, म्हणून सकाळी लवकर जा. दुधाचा फेस असतो नुसता, केशर आणि पिस्ते घातलेला, आणि पैसे देईपर्यंत तोंडात विरूनही जातो. खस्ता-कचोरी जरूर खा, पण मग दुपारचं जेवण विसरा. नानांसाठी चिकन भरतकामाचा मऊ कुर्ता घेतला. दुकानदाराने विचारलं, “किसके लिए?” म्हटलं सासऱ्यांसाठी, तर म्हणाला, “फिर तो हल्का रंग दिखाता हूँ, बुज़ुर्गों पे खिलता है.” भाव फार कमी केला नाही, पण बोलला इतकं गोड की मी भांडलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मलिहाबाद. अलीगंजहून गाडी ठरवली तर तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना आमराया आणि सगळीकडे मोहोर. एका बागेत काम करणाऱ्या काकांनी मला मोहोराची एक गळून पडलेली काडी दिली आणि म्हणाले, “दसहरी जून में आएगी, बिटिया. अभी तो बस ख़ुशबू ले जाओ.” ती काडी मी नानांना नेऊन दिली. ते हुंगून म्हणाले, “आपल्याकडे एव्हाना कैऱ्या धरल्या असतील. हिला आवडायचा वास.” ही म्हणजे सासूबाई. त्यांनी काडी उशाशी ठेवली आणि मला खाली पिटाळलं.

खोकला थांबला तो आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी. डॉक्टर दुपारी येऊन हो म्हणून गेले. तरी नाना बरसातीच्या बाहेर येईनात. कुर्ता घालून, केस विंचरून, उंबऱ्याच्या आत ताठ उभे.

मी खाली जाऊन सांगितलं, “मंजू, ते तुझी वाट बघतायत. लाँच पाठव.”

तिला कळलं. बाळाला आंटींकडे देऊन ती वर आली आणि बरसातीच्या दारात आडवी उभी राहिली. चाळिशीची बाई, केसांत पांढरं आलेली.

“कुठून आलात?”

“अलिबागहून.”

“वाटेत कुठली बंदरं?”

“मांडवा, मुंबई, भुसावळ, भोपाळ, झाशी, कानपूर.”

“कोणी आजारी?”

“होता एक म्हातारा. बरा झाला.”

मंजिरीने इथे जिन्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती वळून खाली जाणार. पण तिने विचारलं.

“प्रवासात कोणी दगावलं का?”

नाना म्हणाले, “हो. तुझी आई.”

गच्चीवर दोघंही रडत होती आणि मी टाकीमागे उभी राहून रडत होते. मग नाना हळूहळू बोलायला लागले. “शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, मंजूला बोलावतो. तर मला शपथ घातली. म्हणाली, ती उठली तर बाळ जाईल. तिला येऊ द्यायचं नाही, आणि मी तिच्याबद्दल विचारत होते हेसुद्धा सांगायचं नाही. मी तुला अडवलं गं, तिच्या सांगण्यावरून. तुझ्यावर कसला रागावणार? तूच रागावली असशील म्हणून मी गप्प होतो.”

“नाना, आत या आता,” मंजिरी म्हणाली आणि तिने कडीची ओढणी सोडली. गाठ पक्की गोदीतली होती, त्यामुळे जरा वेळ लागला.

खाली आल्यावर नानांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि पलंगावर मांडी घालून बसले. मंजिरीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. एवढंसं बाळ, डोळे मिटलेले, मुठीत नानांचं एक बोट. संध्याकाळपर्यंत ते तिथून हलले नाहीत आणि त्यांचा चहा दोनदा निवला.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. झोपलो, दशम्या नव्हत्या म्हणून कानपूरला पुरी-सब्जी खाल्ली, ती बरी होती. लखनौहून काय आणलं असं कोणी विचारलं तर एक कुर्ता आणि मोहोराची सुकलेली काडी, एवढंच. लखनौ नीट पाहायला पुन्हा जावं लागेल आणि जूनमध्येच जाईन म्हणते.

एक गोष्ट मात्र राहिलीच. अलिबागला पोचलो, मी कुलूप काढून आत शिरले, दिवे लावले, आणि मागे पाहिलं तर नाना बॅग घेऊन दाराबाहेरच उभे. आतून चहासाठी ओरडणारं आता कोणी नव्हतं. मी परत गेले आणि दारात आडवी उभी राहिले. हे काम मी आधी कधी केलेलं नव्हतं, पण प्रश्न पाठ होते. एकेक विचारत शेवटच्यापर्यंत आले.

“प्रवासात कोणी दगावलं का?”

“नाही,” नाना म्हणाले. “एक जण वाढलंय.”

मी बाजूला झाले आणि आत जाऊन चहा टाकला.