अण्णा परबांचा हात

अण्णा परब जीप चढावर घालण्याआधी तो चढ एकदा पायी चढून येत. चपला जीपमध्येच काढून ठेवायच्या, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचायचा आणि वाटेतल्या प्रत्येक मोठ्या दगडापाशी थांबून त्याच्याशी बोलायचं, अशी त्यांची पद्धत. दिंडोशीच्या मागच्या टेकड्यांवर त्या काळी डाकूंच्या सिनेमांची शूटिंगं चालत. ट्रक पायथ्याशी थांबायचे आणि दिवे, केबली, पाण्याचे पिंप वर न्यायला अण्णांची जीप लागायची. सगळं युनिट खोळंबलेलं असताना हा पन्नाशीतला माणूस कमरेवर हात ठेवून दगडांशी गप्पा मारतोय, हे पाहून लाइटवाली पोरं ओरडायची, "अण्णा, दगडाला चहा सांगू का? कटिंग की फुल?"

"तुका सांग मेल्या. तो दगड तुझ्यापेक्षा बरो. इचारल्यावर उत्तर तरी देता."

मला एकदा त्यांनी नीट समजावलं होतं. "दगड चुकवूचो नसता रे विलास. दगडाक इचारूचा, बाबा, खंयच्या बाजून जाव? तो सांगता. आपल्याक ऐकाक येवक व्हया."

आणि त्यांना ऐकू यायचं हे खरं. त्यांची जीप चढताना बाजूला उभं राहून पाहावी. घाई नाही, इंजिनाचा आरडाओरडा नाही. चाक दगडावर अलगद टेकायचं, थांबायचं, पलीकडे उतरायचं. मागे ठेवलेल्या काचेच्या दिव्यांना तडा गेल्याचं मी कधी ऐकलं नाही.

अण्णा मूळचे मालवणकडचे. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. बरोबरीचे लोक गावी गेले, कुणी भाजी विकायला बसले. अण्णांनी लष्कराच्या लिलावातली एक मोडकी जीप उचलून आणली. तरुणपणी घाटात ट्रक चालवले होते, ते हात परत बाहेर काढले. मूलबाळ नव्हतं. भटवाडीच्या चाळीत ते आणि सुलभावहिनी. वहिनी म्हणायच्या, "गिरणी बंद झाली तेव्हा वाटलं, हा माणूस आता खाटेवरून उठत नाही. जीप आली आणि पुन्हा शीळ घालायला लागला." हे मुद्दाम सांगतोय. गाडी चालवता येणं म्हणजे अण्णांसाठी काय होतं, ते यावरून कळेल.

माझं गॅरेज घाटकोपरला होतं. पत्र्याची शेड आणि तिच्यामागे एक खोली, तिथे मी आणि आई राहायचो. मी तेव्हा अठ्ठावीस-तीसचा. काम चांगलं करायचो. हे बढाई म्हणून लिहीत नाही. मला काम येत नव्हतं, अशी सबब या गोष्टीत मला घेता येणार नाही, म्हणून लिहितोय.

एका पावसाळ्यानंतर टेकडीची वाट फारच उखडली आणि अण्णांच्या जीपचं पोट दगडांना घासू लागलं. जीप उंच करायची ठरली. आज त्यासाठी तयार सामानाची खोकी मिळतात म्हणे. तेव्हा आमच्या हातात तीनच उपाय होते. पाट्यांना टांगणारे दुवे लांब करायचे, किंवा पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे, नाहीतर पाटेच नवे बांधायचे. पाटे म्हणजे गाडीचं ओझं झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. मी ठोकळ्यांच्या बाजूचा. एका दिवसात काम संपतं.

अण्णांनी मान हलवली. "ठोकळ्यावरची जीप म्हणजे लग्नात पाटावर उभो केलेलो बुटको नवरो. फोटोत उंच दिसता. धक्को लागलो की पाट एकीकडे नि नवरो एकीकडे."

"मग दुवे लांब करू."

"नि स्टेअरिंग? ता दारू प्यायल्यासारख्या फिरात. नाय. पाटे नवे."

मग आम्ही कुर्ल्याच्या पाटेवाल्याकडे हेलपाटे घातले. अण्णा भंगारातली एकेक पट्टी उचलून दगडावर आपटायचे आणि कान लावायचे. बद्द वाजली की बाजूला. पाटेवाला वैतागून म्हणाला, "काका, पाटा घ्यायला आलात की तबला?" पण शेवटी जुळल्या पट्ट्या. पाटेवाल्याने त्यांना घणाने हवा तसा बाक दिला, लांब शॉक-अप मिळाले, ब्रेकचा पाइपही आम्ही लांब घातला. काही म्हणता काही सोडलं नाही.

जीप जॅकवर चढवण्याआधी अण्णांनी शेडमध्ये नारळ ठेवला आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या विलासान जीप उंच करूचा मनात आणलेला हा. त्येच्या हाताक यश दी. काय वाकडा-तिकडा असात ता दूर कर रे म्हाराजा." मागून 'होय म्हाराजा' म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. तेही मीच म्हणालो.

खंडेनवमीच्या दुपारी काम संपलं. नव्या पाट्यांचं एक असतं. पट्ट्या पहिल्या ओझ्याखाली एकमेकींवर बसतात, आणि त्या बसल्या की त्यांना ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट ढिले पडतात. म्हणून गाडी ओझ्यासकट एकदा फिरवून आणायची आणि नट पुन्हा आवळायचे. हे न करता गाडी सोडणं म्हणजे नाडी न बांधता लेंगा घालणं. अण्णांनी संध्याकाळी दगड भरून जीप फिरवली, आणि दसऱ्याच्या सकाळी ती झेंडूच्या माळा घालून आवळायला घेऊन आले. तिथून ते वहिनींना घेऊन टेकडीवर जाणार होते. जिथे रोज दुसऱ्यांचं सामान नेलं, तिथे बायकोला एकदा नेऊन बसवायचं, असं त्यांच्या मनात होतं.

आता आमच्या घरची रीत सांगतो. नवमीच्या संध्याकाळी आई सगळे पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, फुलं वाहायची. दसरा सरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस निजू देत, म्हणायची. अण्णा आले तेव्हा पाने फुलांखाली होते आणि मी नवा पांढरा शर्ट घालून निघायच्या बेतात होतो. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. सोनं द्यायला सासुरवाडीला मुलुंडला जायचं होतं.

"अण्णा, तुम्ही आत चहा घ्या," मी म्हणालो. "तोवर मी बघतो."

अण्णा आत गेले. मी जीपपाशी गेलो. वाकलो. हात लांब करून एक नट बोटांनी चाचपला. बोटांना तो घट्टच लागला. बोटांना सगळेच नट घट्ट लागतात. मग मी सरळ झालो, हात रुमालाला पुसले आणि अण्णा मिशी पुसत बाहेर येईपर्यंत झेंडूची माळ सारखी करत राहिलो.

"आवळलंस मां रे?"

"झालं अण्णा. एकदम टाइट."

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आईच्या पूजेमुळे पाने उचलता आले नाहीत. ते खोटं आहे. अण्णांच्या सीटखाली त्यांचा स्वतःचा पाना होता. तो मला माहीत होता, कारण मीच तो त्यांना निवडून दिला होता. पण जीपखाली उताणं झोपावं लागलं असतं. शर्ट मळला असता. एवढंच होतं ते. याच्यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

संध्याकाळी उतरताना जीपचा मागचा ॲक्सल एका बाजूने सरकला. गाडी एकाएकी डावीकडे ओढली गेली, दगडावर चढली आणि कलंडली. वेग नव्हताच. अण्णांच्या कपाळाला खोक पडली. वहिनींचा उजवा हात जीपच्या कडेखाली सापडला, कोपराचा चुरा झाला.

जीप ओढून माझ्याकडेच आणली. दुसरीकडे कुठे आणणार? मी खाली गेलो, या वेळी उताणा झोपून. नट ढिले होते आणि त्यामुळे सगळा ताण आलेला पाट्यांच्या मधला बोल्ट तुटून दोन तुकडे झाला होता. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी नवा बोल्ट घातला, ॲक्सल जागेवर आणला, नट आवळले. तुटलेले तुकडे खिशात टाकले. मग हात धुतले.

दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधलेले अण्णा आले. जीपला त्यांनी हात लावला नाही. लांबूनच विचारलं, "काय गावला?"

त्यांना काहीतरी सापडायला हवं होतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एखादा तुटका भाग, एखादा ढिला नट, काहीही.

"काही नाही अण्णा," मी म्हणालो. "गाडी ठीक आहे."

ते स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "मगे माझोच हात चुकलो."

मी त्यांच्यावर आळ घेतला नाही. फक्त 'गाडी ठीक आहे' म्हणालो, बाकीचं त्यांनीच केलं.

अण्णा परत स्टेअरिंगला बसले नाहीत. जीप विकली. मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. आवारात गाड्या लावणाऱ्यांना 'मागे घ्या, मागे घ्या' करायचे. एकदा कुणी म्हणालं, "अण्णा, तुम्हीच लावा की जरा," तर दोन्ही हात पाठीमागे घेऊन बाजूला सरकले. हे मी पाहिलंय. सासुरवाडीला जाता-येता मला ते गेटवर दिसायचे आणि हटकून हाक मारायचे, "विलास, घराक ये रे!" मी जायचो. न जाणं जास्त अवघड वाटायचं. वहिनींचा हात कोपरात तसाच वाकडा राहिला होता. भाकरी डाव्या हाताने थापायच्या, त्या जाड व्हायच्या. अण्णा भाकरी मोडताना म्हणायचे, "माझ्या हाताची करणी, दुसरा काय." आणि मी जेवायचो. दुसरी भाकरी मागून घ्यायचो.

पुढे काही वर्षांनी अण्णा आजारी पडले. भेटायला गेलो. खाटेवर बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पाणी सांडलं, आणि ते हसून म्हणाले, "बघ, ह्यो हात. ह्याच्या भरवशावर मी बायकोक टेकडीर नेलंय."

त्यावर मी बोललो. सगळं. बोटांनी चाचपलेला नट, शर्ट, सीटखालचा पाना, खिशात घातलेला बोल्ट. खाली बघत बोललो. संपल्यावर वर पाहिलं. राग असेल, शिव्या असतील, असं वाटलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. अण्णांचं तोंड लहान मुलासारखं उजळलं होतं.

"ऐकलंस गो?" ते वहिनींना म्हणाले. "माझो हात नाय चुकलो. नट ढिलो होतो. ऐकलंस? हात नाय चुकलो माझो!"

गॅलरीतून शेजारचे गृहस्थ चालले होते, त्यांनाही हाक मारली. "अहो, ऐका, तेव्हा माझो हात चुकलो नव्हतो!" त्या गृहस्थांना काही कळलं नाही. ते "बरं, बरं" म्हणून पुढे गेले. अण्णा रडत होते आणि हसत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या खोलीत आपण नसतो तर बरं, असं मला वाटलं. जन्मात इतकं कधी वाटलं नव्हतं.

मी उठलो. वहिनी जिन्यापर्यंत आल्या. मी चपला घालत होतो. त्यांच्याकडे बघायचं धैर्य नव्हतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "सांगितलंत, बरं केलंत. मी त्यांना इतकी वर्षं सांगत होते, तुमचा हात चुकलेला नाही. माझं त्यांनी ऐकलं नाही. रात्री उठून आपले हात बघत बसायचे. आज झोपतील."

मी दुसऱ्या चपलेत पाय घातला.

"पण परत येऊ नका. आज त्यांना आनंद झालाय म्हणून राग आलेला नाही. उद्या येईल. तेव्हा तुम्ही समोर नको." आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "आणि मला आत्ताच आलाय."

मी जिना उतरलो. वरून अण्णांचा आवाज येत होता. आता दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होते.